धर्म जन्मगावावरून ठरतो की घरावरून?

मोजपट्टी

हा वाद दर थोड्या दिवसांनी भलत्याच धाग्यावर अवांतर म्हणून उगवतो आणि मूळ धाग्याची वाट लावतो. म्हणून वेगळा धागा काढतोय.

नेहमीचं वाक्य असं: "तुम्ही रियाधमध्ये जन्मला असतात तर मुसलमान असतात, रोममध्ये जन्मला असतात तर कॅथलिक." या एका वाक्यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. माणसाला कोणता धर्म मिळतो, हा पहिला. मिळालेल्या धर्मावर त्याची श्रद्धा किती बसते, हा दुसरा. आणि त्या धर्माचं म्हणणं खरं की खोटं, हा तिसरा. भांडणं होतात ती बहुतेक वेळा पहिल्याचा पुरावा तिसऱ्याला चिकटवल्यामुळे.

पहिल्या प्रश्नावर भारतात फारसा वाद घालायला जागाच नाही. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेने २०१९-२० मध्ये १७ भाषांत जवळपास ३०,००० प्रौढांना घरी जाऊन दोन वेगवेगळे प्रश्न विचारले: तुमचा आजचा धर्म कोणता, आणि तुम्ही कोणत्या धर्मात वाढलात. ९८ टक्के लोकांची दोन्ही उत्तरं एकच आली.

पण "जन्मस्थान" हा शब्द मला खटकतो. भायखळा-नागपाड्याच्या परिसरातलं कुठलंही मोठं प्रसूतिगृह घ्या. एकाच मजल्यावर, एकाच दिवशी, शेजारशेजारच्या खाटांवर हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती आयांची मुलं जन्मतात. अक्षांश-रेखांश तेच, महापालिकेचा वॉर्ड तोच. डिस्चार्जच्या दिवशी कुणाच्या कानात अझान पडलेली असते, कुणाच्या बाराव्याच्या बारशाची तयारी चालू असते. म्हणजे जगाचा नकाशा समोर ठेवला तर देशावरून धर्माचा अंदाज बांधता येतो, पण मुंबईच्या एका वॉर्डात जन्मस्थान काहीच सांगत नाही, सगळं सांगतं ते घर. एकाच प्रश्नाची दोन उत्तरं येतात ती पातळी बदलल्यामुळे.

खारफुटी

+१, पण घराच्या मागे पुन्हा जागाच निघते, फक्त चारशे-पाचशे वर्षं जुनी.

वसई आणि साष्टी पोर्तुगिजांना मिळाली ती १५३४ मध्ये, गुजरातच्या बहादूरशहाकडून. चिमाजी अप्पांनी वसई घेतली १७३९ मध्ये. मधली दोनशे वर्षं ज्या गावांवर पोर्तुगीज अंमल होता तिथेच आज जुनी मराठी बोलणारी कॅथलिक गावठाणं आहेत: उत्तन, गोराई, मरोळ, चिंबई, वसईची वाडवळ आणि सामवेदी ख्रिस्ती गावं. कोळी म्हणाल तर दर्याच्या एका बाजूला एकवीरेचा, दुसऱ्या बाजूला सायबिणीचा, म्हणजे येशूच्या आईचा. जात तीच, धंदा तोच, जाळं तेच. फरक पडला तो सोळाव्या शतकात सारा कुणाला भरत होते यावरून.

तरी घरातलं सगळं बदललं नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचं पाणी आणायचा विधी या मराठी कॅथलिकांत, म्हणजे ईस्ट इंडियन लोकांत, टिकून राहिला. आणि "ईस्ट इंडियन" हे नावसुद्धा १८८७ चं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हाचं. गोवा-मंगळूरहून नोकरीला येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण इथलेच, हे सरकारला कळावं म्हणून घेतलेलं. धर्म समान असताना जागेवरून वेगळं नाव घ्यावं लागलं, हे गमतीचं आहे.

तळटीप

रियाधचं वाक्य नास्तिकांचा शोध आहे असं बरेच जण समजतात. हा युक्तिवाद श्रद्धावंतांच्या घरातलाच आहे आणि जुना आहे.

हदीसमध्ये आहे की प्रत्येक मूल फितरतवर, म्हणजे मूळ प्रकृतीवर जन्मतं. आईवडील त्याला यहुदी, ख्रिस्ती किंवा मजूसी (झरथुष्ट्री) बनवतात. अल-गझाली या मुस्लिम धर्मपंडिताने (मृत्यू ११११) याच वचनावर बोट ठेवलं. ख्रिस्ती मुलं ख्रिस्तीच होतात, यहुदी यहुदीच, मुसलमान मुसलमानच, हे दिसल्यावर आपल्याला वारशाने मिळालेल्या समजुतीला "ज्ञान" म्हणायचं कशाच्या आधारावर, असा प्रश्न त्याने स्वतःला घातला. त्याच्याही दीड हजारांवर वर्षं आधी बुद्धाने कालाम लोकांना सांगितलंय की परंपरेने आलंय, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो, एवढ्यावरून मानू नका.

आता मोजपट्टींचा तिसरा प्रश्न. विश्वास कुठून आला यावरून तो खोटा ठरत नाही. याला तर्कशास्त्रात उगमदोष म्हणतात. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हेही आपण शाळेत ऐकूनच मानतो; दुसऱ्या काळात जन्मलो असतो तर उलटं मानलं असतं. तेवढ्याने कोपर्निकस खोटा पडत नाही.

उलटतपासणी

तळटीप, अर्धं पटलं. पृथ्वीबद्दल रियाध, रोम आणि राजापूर तिघांचं आज एकमत आहे, कारण तपासायची रीत तिघांची एक आहे. धर्माच्या बाबतीत मूल ज्या घरात वाढतं तिथलीच रीत वापरून तपासतं आणि तिथलंच उत्तर येतं. उगमदोषाचं नाव घेऊन हा मुद्दा बाजूला सारता येणार नाही. श्रद्धा खोटी ठरत नाही हे मान्य, पण "मला आतून खात्री वाटते" या पुराव्याचं वजन उतरतं. तीच खात्री शेजारच्या खाटेवरच्या मुलालाही वाटणार आहे, वेगळ्या देवाबद्दल.

तळटीप

वजन उतरतं, मान्य. शून्य होत नाही. आणि हाच काटा निरीश्वरवाद्यालाही लावावा लागेल; नास्तिक घरातलं मूलही पुष्कळदा नास्तिकच निघतं.

गावदेवी_लेन

परदेशी तत्त्वज्ञांकडे जाण्याआधी आपले तीन शब्द बघा. कुलदैवत, ग्रामदैवत, इष्टदैवत. मोजपट्टी ज्याला पातळी म्हणतात तिचीच ही वर्गवारी आहे, आणि रोजच्या वापरातली आहे.

ग्रामदैवत जागेला बांधलेलं. गाव सोडलं की ते मागे राहतं; नव्या गावात गेलात की तिथल्या गावदेवीला नारळ. ती कोणत्या जातीची, कुठून आली, याच्याशी नव्या माणसाला देणंघेणं नसतं. मुंबादेवी मुळात कोळ्यांची, पण आज तिच्यापुढे उभ्या राहणाऱ्या रांगेत गुजराती, मारवाडी, भय्ये सगळे असतात.

कुलदैवत जन्माला बांधलेलं. घर तीन पिढ्या डोंबिवलीत असलं तरी खंडोबा जेजुरीचा, भवानी तुळजापूरची, रेणुका माहूरची. लग्न झालं की जोडीने तिथे जायचं, बाळाचं जावळ तिथे, टाक देव्हाऱ्यात. बाईचं कुलदैवत लग्नानंतर बदलतं. म्हणजे ज्याला आपण "जन्माने मिळालेलं" म्हणतो ते निम्म्या लोकसंख्येसाठी विशी-पंचविशीत बदलून जातं आणि कुणाला त्यात धर्मांतर दिसत नाही.

इष्टदैवत निवडलेलं. घरात नृसिंहाची पूजा असून एखादा स्वामी समर्थांच्या मठात जातो, एखादी बुधवारी माहीमच्या सेंट मायकेल चर्चला नोव्हेनाच्या प्रार्थनेसाठी जाते. वारकरी माळही इथलीच: जन्माने कुणी माळकरी नसतो, माळ घालून घ्यावी लागते आणि घातली की मटण सोडावं लागतं. तरी "माळकरी घराणं" हा शब्द आहेच! निवडीने आलेलं दोन पिढ्यांत कुळाचं होतं.

तेव्हा "जन्म की संस्कार की निवड" असा एक प्रश्न विचारणं मला तरी पटत नाही. तिन्ही एकाच देव्हाऱ्यात असतात.

सातरस्ता

हे हिंदूंपुरतं ठीक. बाकीच्यांना तीन देव कुठले ठेवता येतात?

गावदेवी_लेन

देव एकच ठेवतात, पण थर तेच दिसतात. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी, घ्या. धर्म यहुदी, जन्माने आलेला. कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावाने नाव दिलं "शनिवार तेली". आडनावं गावावरून: दिवेकर, पेणकर, रोहेकर. नवस फेडायला किंवा शुभकार्याआधी मलिदा करतात: भिजवलेले गोड पोहे, ओला नारळ, सुकामेवा, वर फळं मांडलेलं ताट आणि एलियाहू हन्नाबीची (प्रेषित एलियाची) प्रार्थना. पोलंडच्या यहुद्याला हे ताट ओळखू येणार नाही, अलिबागच्या कुणालाही येईल. मशीद बंदरजवळचं त्यांचं शार हरहमीम हे सिनेगॉग १७९६ चं आहे.

प्यूच्या त्याच पाहणीत कर्मावर विश्वास असणारे हिंदू ७७ टक्के निघाले. मुसलमानही ७७ टक्केच. किताबातून हे आलेलं नाही, शेजारातून आलंय.

मोजपट्टी

सुंदर. आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, म्हणजे "किती". इथे घराचा हात अपेक्षेपेक्षा आखूड निघतो.

जुळ्यांवरून हे काढतात. एकबीज जुळ्यांची जनुकं जवळपास शंभर टक्के सारखी, द्विबीज जुळ्यांची सरासरी निम्मी; घर मात्र दोन्ही जोड्यांचं एकच. एखादा गुण एकबीज जोडीत जास्त जुळला तर तो जास्तीचा भाग जनुकांचा. ढोबळ हिशेब: जोडी किती जुळते याचा आकडा (सहसंबंध) दोन्ही प्रकारांसाठी घ्या, फरक काढा आणि दुप्पट करा.

मिनेसोटात २००५ साली १६९ एकबीज आणि १०४ द्विबीज पुरुष जोड्यांवर हे केलं. लहानपणीच्या धार्मिकतेत जनुकांचा वाटा १२ टक्के आला, प्रौढपणीच्या धार्मिकतेत ४४ टक्के. घराचा वाटा वयाबरोबर घटला. म्हणजे बाप हात धरून देवळात नेतो तोवर मुलगा जातो. तिशीत तो किती जाईल हे बरंचसं त्याच्या स्वभावावर. पण कोणत्या देवळात जाईल हे अशा अभ्यासांत जवळपास पूर्ण घर आणि समाज यांच्यावरच पडतं. जनुकांत "मेथडिस्ट" (एक प्रोटेस्टंट पंथ) किंवा "वैष्णव" असं काही लिहिलेलं नसतं.

खोट दोन ठिकाणी आहे. लहानपणीची धार्मिकता मोठेपणी आठवून सांगितलेली होती, आणि नमुना अमेरिकेतल्या पुरुषांचा. मुंबईला हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत.

पाटीपूजन

घर म्हणजे नक्की काय करतं, यावर कुणी बोललं नाही. "संस्कार" म्हणून मोकळं होऊ नका, यंत्रणा सांगा. मी दोन सांगते.

पहिली, वय. वेगवेगळ्या धर्मांचे विधी एका ओळीत मांडा. बाप्तिस्मा तान्हेपणी. मुसलमानांत पहिल्या धर्मपाठाची बिस्मिल्लाखानी चार वर्षं चार महिने चार दिवसांनी. कॅथलिकांचं पहिलं कम्युनियन सात-आठाव्या वर्षी. मुंज गर्भापासून मोजून आठव्या. पारशांचा नवजोत साधारण सात ते अकरा. यहुद्यांचा बार मिट्झवा तेरा पूर्ण झाल्यावर. बोहऱ्यांत मिसाक, म्हणजे निष्ठेची शपथ, वयात येताना. इतक्या वेगवेगळ्या परंपरांनी बहुतेक माल चार ते चौदा या खिडकीत भरलाय. मूल धड ऐकायला लागलं की सुरुवात, आणि वाद घालायला लागायच्या आत शेवट. दर वेळी मुलाला नवे कपडे, भेटी, नातेवाइकांसमोर मधली जागा. आणि पाठ केलेला मजकूर अशा भाषेत जी घरात कुणी बोलत नाही: संस्कृत, अरबी, अवेस्ता, हिब्रू. दहा वर्षांचा मुलगा मंत्रपुष्पांजली एका दमात म्हणतो, अर्थ विचारलात तर आईकडे बघतो. अर्थ कळायच्या आत ती जिभेवर बसलेली असते, म्हणून मोठेपणी अर्थ पटला नाही तरी जात नाही.

दुसरी, झळ. मोठी माणसं काय सांगतात यापेक्षा त्यासाठी स्वतः काय सोसतात हे मूल बघतं. जोसेफ हेन्रिक या मानववंशशास्त्रज्ञाने २००९ मध्ये हा विचार मांडला. बोलणं फुकट असतं, खोटंही असू शकतं. पण उपास, पायी वारी, पहाटेची नमाज, पर्युषणात आठ दिवस फक्त उकळलेल्या पाण्यावर राहणं ही किंमत मोजलेली दिसते. ज्या घरात देवाच्या गप्पा भरपूर आणि तोशीस काहीच नाही, तिथे मुलं आपसूक गळतात.

हे खरं की नाही याचा प्रयोग मुंबईत दीडशे वर्षं चालू आहे: कॉन्व्हेंट शाळा. लाखो हिंदू, पारशी, जैन, मुसलमान मुलांनी दहा-दहा वर्षं रोज सकाळी असेंब्लीत येशूची प्रार्थना म्हटली. ख्रिस्ती किती झाले? मोजायचीही गरज पडू नये इतके. वय बरोबर, पाठांतर बरोबर, शिक्षिकांबद्दल आदरही होता. नव्हतं ते घर. आई संध्याकाळी दुसऱ्याच देवापुढे निरांजन लावत होती, आणि शाळेतही कॅथलिक मुलं कॅटेकिझमला (धर्मशिक्षणाच्या तासाला) जायची तेव्हा बाकीच्यांना मॉरल सायन्स. उरलं काय, तर परीक्षेआधी छातीवर क्रूस काढायची सवय आणि सप्टेंबरात मोतमाऊलीच्या जत्रेत मेणाचं घर किंवा मेणाचा पाय वाहायला कमीपणा न वाटणं.

सातरस्ता

पाटीपूजन, जबरदस्त. फक्त एक भर. दक्षिण कॅलिफोर्नियात १९७० पासून तीन-चार पिढ्यांची शेकडो कुटुंबं धरून एक पाहणी चालली. त्यात आईबापांचा धर्म मुलांकडे जाण्यात सगळ्यात ठळक दिसलं ते वडिलांशी असलेलं नातं. कडक पण दूरचा बाप धर्म पोचवण्यात कमी पडतो, जवळचा बाप यशस्वी होतो. आपल्याकडे "पोरं देवाधर्माचं करत नाहीत" म्हणून ओरडणाऱ्यांनी आवाज आधी खाली आणावा.

निळी_शाई

एवढी चर्चा झाली आणि महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण कुणी काढलं नाही.

१३ ऑक्टोबर १९३५, येवला, बाबासाहेब आंबेडकर: हिंदू म्हणून जन्मलो हे माझ्या हातात नव्हतं, हिंदू म्हणून मरणार नाही, या आशयाची घोषणा. या धाग्याचा अख्खा विषय त्या एका वाक्यात आहे. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर: त्रिशरण, पंचशील आणि २२ प्रतिज्ञा. मुंबईची दीक्षा डिसेंबरात ठरली होती. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि ७ तारखेला दादरला अंत्यसंस्काराच्या वेळीच भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या लोकांना दीक्षा दिली.

आता आकडे. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ च्या जनगणनेत बौद्ध अडीच हजारांच्या आसपास. १९६१ मध्ये सुमारे २७ लाख ९० हजार. जन्मस्थान तेच, घर तेच, चाळीतली खोली तीच. ९८ टक्क्यांचा नियम इथे मोडला, आणि एकेकट्या माणसाने मोडला नाही, वस्त्याच्या वस्त्यांनी एकदम मोडला. एकट्याने बदलणं अवघड का, तर सोयरीक, मयतीला खांदा आणि उधारी या तिन्ही गोष्टी जमातीकडे असतात. सगळी चाळ एकदम बदलली की हे तिन्ही सोबत येतात. २२ प्रतिज्ञांतल्या पहिल्या काही बघा: ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती मानणार नाही. नवं काय मानायचं याआधी जुनं काय सोडायचं हे नावं घेऊन सांगितलंय. देव्हारा रिकामा केल्याशिवाय मुलाला दोन गोष्टी एकदम दिसत राहतात आणि जुनीच जिंकते, हे ज्याने ओळखलं त्याला माणसांची चांगली पारख होती.

पण पुढचं बघा. २०११ मध्ये देशात ८४ लाख बौद्ध, त्यातले ६५ लाख महाराष्ट्रात. यातल्या फार मोठ्या भागाने दीक्षाभूमीवर काही निवडलं नाही. ते बौद्ध घरात जन्मले. निवडीचा धर्म एका पिढीत जन्माचा झाला. "माळकरी घराणं" म्हणालात ना वर, तेच.

चौकट

कायदा हे सगळं कसं बघतो ते लिहितो, कारण तिथे शब्द मोजून वापरलेले असतात.

हिंदू विवाह कायदा १९५५, कलम २. आईबाप दोघं हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर मूल त्यात धरलं जातं. दोघांपैकी एकच असेल तर जन्म पुरत नाही. त्या पालकाच्या समाजात किंवा कुटुंबात मूल वाढवलेलं असावं लागतं. म्हणजे मोजपट्टींचं "घर" कलमात छापलेलं आहे.

पारशांचं उलट. १९०८ च्या पेटिट विरुद्ध जीजीभॉय खटल्यात मुंबई उच्च न्यायालयापुढे रतनजी दादाभॉय टाटांच्या फ्रेंच पत्नीचा प्रश्न होता. तिचा नवजोत झाला होता. न्यायमूर्ती दावर आणि बीमन यांनी झरथुष्ट्री धर्मात परक्याला घेता येतं हे नाकारलं नाही, पण पारशी पंचायतीच्या विश्वस्त निधीचा लाभ पारशांसाठी आहे आणि पारशी हे जन्माने, असं ठरवलं. आई परकी चालेल, बाप पारशी हवा. परिणाम जनगणनेत दिसतो: १९४१ मध्ये देशात १ लाख १५ हजारांच्या घरात, २०११ मध्ये ५७,२६४. उशिरा लग्नं, कमी मुलं आणि परदेशी जाणं ही मोठी कारणं आहेतच, पण दार आतून बंद असल्यावर भरही पडत नाही.

तिसरं उदाहरण खोजा या मुसलमान समाजाचं, आणि ते माझ्या मते सगळ्यात बोलकं. १८४७ मध्ये मुंबईच्या कोर्टात खोजा आणि मेमन मुलींनी कुराणाप्रमाणे वारसा मागितला. सर अर्स्किन पेरींनी निकाल दिला की समाज मुसलमान असला तरी रूढी हिंदू आहे आणि मुलींना वाटा न देण्याची ती रूढीच चालेल. पुढे १८६६ मध्ये वेगळाच वाद: खोजा मुळात कोण? एक गट म्हणे सुन्नी, दुसरा म्हणे आगाखानांचे अनुयायी. पुराव्यात आला "दसावतार", म्हणजे जमातखान्यात म्हटली जाणारी रचना, जिच्यात विष्णूचे नऊ अवतार नेहमीचे आणि दहावा अली. न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी त्यांना शिया इमामी इस्माइली ठरवलं. कित्येक पिढ्या लोक आपापलं करत होते. "तुमचा धर्म नक्की कोणता" हा प्रश्न टोकाला गेला तो मिळकतीचा दावा उभा राहिल्यावर.

उलटतपासणी

चौकट, हेच मला म्हणायचं होतं. घर-घर काय करताय, सरकार आणि पैसा कुठे गेले?

जर्मनी घ्या. १९४९ ते १९९० भाषा एक, वंश एक, लूथर एक, मधे सीमा. पूर्वेत १९५४ पासून चौदाव्या वर्षीच्या चर्चमधल्या कन्फर्मेशनच्या जागी सरकारी "युगेंडवाइहे" समारंभ उभा केला. वय तेच, नवे कपडे तेच, नातेवाइकांचं जेवण तेच, शपथ समाजवादी राष्ट्राशी. गेलं नाही तर पुढे कॉलेजचा प्रवेश अडायचा. आज पूर्वेत बहुसंख्य लोक कुठल्याच धर्मात नाहीत, आणि एकीकरणानंतर चर्च मोकळं झालं तरी ते परत आले नाहीत. पाटीपूजनची चार ते चौदाची खिडकी सरकारने ओळखली होती.

आपल्याकडे अनुसूचित जातींत कुणाला धरायचं ते ठरवणारा १९५० चा आदेश. सुरुवातीला जवळपास फक्त हिंदू. शीख १९५६ मध्ये, बौद्ध १९९० मध्ये आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. म्हणजे १९५६ च्या दीक्षेनंतर ३४ वर्षं कागदावर "बौद्ध" लिहिलं की केंद्राच्या सवलती जात. मनात बुद्ध आणि दाखल्यावर हिंदू, अशी घरं यातून तयार झाली. तुमच्या ९८ टक्क्यांतला काही भाग श्रद्धेचा नसून दाखल्याचा आहे.

मोजपट्टी

मान्य. पाहणी लेबल मोजते, लेबल टिकवायला किंमत-बक्षीस असतं. म्हणूनच देशादेशांत हा आकडा इतका हलतो: अमेरिकेत २०१४ च्या पाहणीत ३४ टक्के प्रौढांनी लहानपणचा धर्म बदललेला किंवा सोडलेला होता, दक्षिण कोरियात अलीकडे सुमारे निम्म्यांनी. तिथे धर्म सोडल्याने सोयरीक तुटत नाही आणि घराची वाटणी अडत नाही. आपल्याकडे हिंदू वारसा कायद्याच्या कलम २६ प्रमाणे धर्म बदललेल्याचा स्वतःचा हक्क राहतो, पण धर्मांतरानंतर झालेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांची मिळकत मिळत नाही, वारसा उघडताना ती हिंदू असली तर गोष्ट वेगळी.

सातरस्ता

व्यवहाराचं विचारतो. एखाद्याला जन्माचं लेबल बदलायचं किंवा काढूनच टाकायचं असेल तर मुंबईत करायचं काय? लोक म्हणतात गॅझेट केलं की झालं.

चौकट

गॅझेट म्हणजे जाहीर नोंद, धर्मांतर नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने पेरुमल नाडर खटल्यात म्हटलंय की विशिष्ट विधीची गरज नाही, खरा इरादा आणि त्याला धरून वागणूक दिसली पाहिजे. तरी बँक, पासपोर्ट, शाळा यांना कागद लागतो, म्हणून प्रतिज्ञापत्र करायचं आणि महाराष्ट्र शासन राजपत्रात धर्मबदलाची सूचना छापून घ्यायची. अर्ज ऑनलाइन होतो, कचेरी चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयाची. घोटाळा होतो तो दोन ठिकाणी. प्रतिज्ञापत्रावरचं नाव आणि आधारवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी अर्ज परत येतो. आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचा धर्म-जातीचा रकाना गॅझेटने आपोआप बदलत नाही, शाळा सोडून गेलेल्याचा तर शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय नाहीच.

"कोणताच धर्म नाही" हेही चालतं. राजपत्रात तसं छापायला मुद्रणालयाने नकार दिला तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २०१४ मध्ये निकाल लागला की धर्म सांगण्याची सक्ती कुणावर करता येत नाही, आणि मला धर्म नाही असं म्हणण्याचा हक्क घटनेच्या कलम २५ मध्येच आहे. मजा म्हणजे अर्जदार नास्तिक नव्हते. येशूला मानणारे होते, फक्त ख्रिस्ती धर्माचे आहोत असं म्हणायला तयार नव्हते.

पाटीपूजन

आणि बाळाच्या जन्मनोंदणीच्या अर्जात धर्माचा रकाना असतो तो सांख्यिकी भागात. जन्मदाखल्यावर तो छापून येत नाही. मुलाच्या नावापुढे धर्म पहिल्यांदा ठळक चिकटतो तो शाळेच्या जनरल रजिस्टरात, आणि तोही प्रवेशाच्या दिवशी घाईत पालकाने भरलेल्या फॉर्मवरून.

निळी_शाई

जनगणनेचं राहिलं. २०११ च्या पत्रकात धर्माला सहा सांकेतिक आकडे होते: हिंदू १, मुस्लिम २, ख्रिश्चन ३, शीख ४, बौद्ध ५, जैन ६, बाकी काहीही असेल तर नाव पूर्ण लिहायचं. देशभरात "नास्तिक" अशी नोंद झालेले ३३,३०४, त्यातले ९,६५२ महाराष्ट्रातले. "धर्म सांगितला नाही" यात मात्र २८ लाखांवर लोक. प्रगणकांना स्पष्ट सूचना होती की कुटुंबप्रमुखाचा धर्म तोच सगळ्यांचा असं गृहीत धरू नका, प्रत्येकाचा वेगळा विचारा. प्रत्यक्षात दारात उभ्या प्रगणकाला चार मजले अजून चढायचे असतात. तो पहिल्या ओळीत आकडा टाकतो आणि खाली सगळ्यांना तोच ओढत नेतो. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि माहिती स्वतः ऑनलाइन भरायची सोय ठेवलीय. ज्यांना आपला रकाना बापापेक्षा वेगळा हवा आहे त्यांनी घरातला फॉर्म कोण भरतंय यावर लक्ष ठेवावं.

सातरस्ता

आमच्याकडे फॉर्म बाबाच भरणार हे नक्की. बसतो शेजारी.